भात, मासा आणि मोल : सुशीच्या ताटात आपण नेमके कशाचे पैसे देतो?



मागच्या व्याख्यानानंतर बाहेर चहा चालू होता, तेव्हा किन्हवली भागातले एक शेतकरी गृहस्थ आमच्याजवळ आले. म्हणाले, "सर, पोरगा मुंबईला मोठ्या हॉटेलात लागलाय. जपानी जेवण बनवतो म्हणतो. भाताचा मुटका आणि वर कच्चा मासा. आणि एका माणसाचं बिल किती, तर आठ-दहा हजार! आम्ही चार क्विंटल भात घालतो तेव्हा तेवढे हातात येतात. तर मला एवढंच सांगा, पोरगा थापा मारतोय, की ती खाणारी माणसं खुळी आहेत?"

आजूबाजूचे सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना लक्षात आलं, की हिशेब त्यांनी अगदी चोख केला होता. २०२५-२६ साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. चार क्विंटलचे झाले साडेनऊ हजारांच्या आसपास. म्हणजे राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतचे कष्ट घेऊन पिकवलेला चार क्विंटल भात एका पारड्यात, आणि मुंबईतल्या एका माणसाचं एका रात्रीचं जेवण दुसऱ्या पारड्यात. आणि तराजूचा काटा मध्यावर! जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला याहून चांगला प्रश्न कोण विचारणार? म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून आज आपण याच प्रश्नाचं उत्तर शोधू. आधी पदार्थ समजून घेऊ, मग स्वस्त ते महाग या पायऱ्या चढू आणि शेवटी मोलाकडे येऊ.

पहिली गोष्ट. सुशी म्हणजे कच्चा मासा, ही समजूत चुकीची आहे. नुसते कच्च्या माशाचे काप वाढले तर त्याला जपानी माणूस साशिमी म्हणतो. सुशी म्हणजे भात. शिरका, थोडी साखर आणि मीठ लावलेला भात. त्याच्यावर मासा असेल, अंडं असेल, काकडी असेल किंवा तळलेल्या टोफूची पिशवी असेल. भात नसेल तर ती सुशी नाही. तेव्हा त्या गृहस्थांनी "भाताचा मुटका" म्हटलं, ते शब्दशः बरोबर होतं. या खाण्याच्या केंद्रस्थानी आपलंच पीक आहे.

'सुशी' या शब्दाचं मूळ 'आंबट' या अर्थाच्या जपानी शब्दात सापडतं. हा आंबटपणा आला कुठून? फार पूर्वी शीतकपाट नव्हतं. मासा टिकवायचा कसा, हा प्रश्न आपल्याकडेही होता. आपण मीठ आणि ऊन वापरलं. म्हणून आपल्याकडे आगोटीच्या खरेदीत सुकट, जवळा, बोंबील, वाकटी येतात आणि पावसाळाभर पुरतात. आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या प्रदेशात लोकांनी दुसरी युक्ती काढली. मासा खारवायचा आणि शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचा. भात आंबतो, त्यातल्या आम्लामुळे मासा कुजत नाही. ही पद्धत जपानात पोचली. तिथल्या बिवा सरोवराच्या काठी 'फुनाझुशी' नावाचा प्रकार आजही करतात. गोड्या पाण्यातला मासा मिठात आणि मग भातात काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही मुरत ठेवतात. जुन्या काळी लोणच्यासारखा झालेला तो मासा खायचे आणि भात टाकून द्यायचे.

गंमत बघा. ज्या पदार्थात भात म्हणजे फेकून देण्याचं वेष्टन होतं, त्याच पदार्थात पुढे भात राजा झाला. ते कसं? लोकांना थांबायला वेळ राहिला नाही. आंबवण्याचा काळ कमी कमी होत गेला, भातही खाण्याजोगा राहू लागला आणि शेवटी कुणीतरी विचार केला, की आंबटपणा यायला एवढे महिने कशाला थांबायचं? भाताला सरळ शिरकाच लावू की! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हे घडलं. १८२० च्या दशकात तिथल्या हानाया योहेई या माणसाने हाताने मुटका दाबून वर मासा ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली, असं मानतात. त्याला 'निगिरी' म्हणतात. एदो हे तेव्हा दहा लाखांच्या घरातलं शहर. बांधकामावरचे कामगार, हमाल, कारागीर, घरापासून दूर राहणारे एकटे पुरुष. त्यांच्यासाठी रस्त्यावरच्या गाड्यांवर सुशी मिळायची. उभ्याउभ्या दोन मुटके तोंडात टाकायचे, हात पुसायचे आणि कामाला पळायचं. तो मुटका आजच्यापेक्षा दोन-तीन पट मोठा असे, कारण तो पोट भरण्यासाठी होता. शिरकाही साधाच, साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून केलेला आणि म्हणून स्वस्त.

आता हे वर्णन ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आमच्या डोळ्यांसमोर दादर स्टेशनाबाहेरची वडापावची गाडी येते. गिरणगावातल्या खानावळी येतात. कोकणातून, घाटावरून आणि आपल्या भागातूनही मुंबईला गेलेल्या पुरुषांना तिथल्या बायकांनी जेवू घातलं. त्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. शहर मोठं होतं तेव्हा त्याला आधी स्वस्त, झटपट अन्न लागतं. एदोने सुशी काढली, मुंबईने वडापाव. म्हणजे सुशी जन्माने श्रीमंत नाही, ती कामकऱ्यांच्या घरची लेक आहे.

मग ती श्रीमंत झाली कशी? एक तर लगेचच झाली. एदोतच काही दुकानदारांनी उंची मासा वापरून महागडी सुशी विकायला सुरुवात केली होती. १८४० च्या दशकात तिथल्या सरकारने चैनीविरुद्ध कडक नियम आणले, तेव्हा या महागड्या सुशीवाल्यांवरही संक्रांत आली. पण पोटाचा प्रश्न आला की हीच सुशी पुन्हा जमिनीवर येते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात तांदळाची टंचाई होती, उपाहारगृहांवर बंदी होती. तेव्हा १९४७ मध्ये टोकियोतल्या सुशीवाल्यांनी एक वाट काढली. गिऱ्हाइकाने आपल्या वाट्याचा एक 'गो' तांदूळ, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, घेऊन यायचा. दुकानदार त्याच्या बदल्यात दहाएक सुशी करून देणार आणि फक्त मजुरी घेणार. विकतोय कुठे, आम्ही तर दळून देणाऱ्या गिरणीसारखे आहोत, असा तो युक्तिवाद! आपल्यातल्या म्हाताऱ्यांना रेशनचे दिवस आठवत असतील. त्या दिवसांत सुशीचे दोन भाग अगदी स्वच्छ वेगळे झाले. तांदूळ गिऱ्हाइकाचा, कसब दुकानदाराचं. हा भेद लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता पायऱ्या चढू. तो प्रश्न कानात होता, म्हणून गेल्या काही महिन्यांत आम्ही स्वतः तीन ठिकाणी जाऊन जेवलो. पेन्शनीतून दोन वेळा, आणि तिसऱ्या वेळी एका जुन्या विद्यार्थ्याच्या कृपेने.

पहिली पायरी म्हणजे मॉलमधला फूड कोर्ट किंवा घरी येणारा डबा. चार-पाचशे रुपयांत सहा-आठ तुकडे. हे बहुधा 'माकी' असतात, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ कागदासारख्या पापुद्र्यात भात गुंडाळून केलेली वळकटी आणि तिच्या कापलेल्या चकत्या. आपली अळुवडी करणाऱ्या बाईला हे हस्तकौशल्य पाच मिनिटांत समजेल. आत काकडी, गाजर, शिजवलेली कोळंबी, भरपूर मेयोनीज. 'क्रॅब स्टिक' लिहिलेलं असेल तर त्यात बहुतेक वेळा खेकडा नसतो, पांढऱ्या माशाच्या लगद्याला रंग-चव देऊन केलेली ती कांडी असते. सोबतची हिरवी वसाबीही बहुधा खरी वसाबी नसते. हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं ते मिश्रण असतं. आम्ही ते चटणी समजून चमचाभर तोंडात टाकलं. नाकातून जो जाळ निघाला, त्यात तर्कशास्त्राचे सगळे नियम काही काळ विसरायला झाले. पलीकडे उभा असलेला पोरगा हळूच मराठीत म्हणाला, "आजोबा, थोडं थोडं घ्या." विचारलं तर मुरबाडचा निघाला.

या पायरीवर खरी अडचण माशाची नसते, भाताची असते. तो गार आणि टणक लागतो. कारण साधं आहे. भात शीतकपाटात ठेवला की त्यातलं पिष्ट पुन्हा आवळतं, कण कडक होतात. आपल्या घरचा रात्रीचा भात सकाळी तसाच होतो. आपण त्याला फोडणी देतो. सुशीला फोडणी देता येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे मधलं उपाहारगृह, जिथे तुम्ही मागाल ते समोर तयार होतं. जपानात या पायरीवरचा मोठा शोध म्हणजे फिरता पट्टा. योशिआकी शिराइशी यांचं ओसाकाजवळ छोटं दुकान होतं. माणसं पुरत नव्हती. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या त्यांनी पाहिल्या आणि १९५८ मध्ये त्यांनी सुशीच्या बशा पट्ट्यावर सोडल्या. बशीच्या रंगावरून किंमत कळते, शेवटी रिकाम्या बशा मोजायच्या की बिल तयार. १९७० च्या ओसाका प्रदर्शनानंतर ही पद्धत देशभर पसरली. तिथल्या मोठ्या साखळ्यांमध्ये अगदी अलीकडेपर्यंत एक बशी शंभर येनांना मिळत होती. आपल्याकडची 'राईस प्लेट' जे काम करते तेच हे काम. किंमत आधी माहीत, लाज नाही, खिशाला धक्का नाही. आमच्या मते सामान्य माणसाला सुशी परत मिळवून दिली ती या पट्ट्याने.

तिसरी पायरी म्हणजे लाकडी काउंटर. आठ-दहा खुर्च्या. समोर कारागीर उभा. मेनूकार्ड नाही. या पद्धतीला 'ओमाकासे' म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. कारागीर एकेक मुटका करून समोर ठेवतो आणि तुम्ही तो लगेच उचलून खायचा. का लगेच? कारण भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो आणि मासा थंड. दोन मिनिटं फोटो काढत बसलात तर दोन्ही सारखेच होतात आणि ज्याच्यासाठी पैसे दिले ते संपतं. टोकियोतल्या गिंझा भागात तळघरातलं सुकियाबाशी जिरो हे दहा खुर्च्यांचं दुकान २०११ च्या एका माहितीपटामुळे जगभर माहीत झालं. मिशेलिनने पहिल्या टोकियो मार्गदर्शिकेत, २००७ मध्ये, त्याला तीन तारे दिले. आणि पुढे २०१९ मध्ये यादीतून काढून टाकलं. चव बिघडली म्हणून नव्हे, सामान्य माणसाला तिथे जागाच मिळत नाही म्हणून. परीक्षकच म्हणतात की ज्याच्या दारात कुणी जाऊ शकत नाही, त्याचं परीक्षण आम्ही कशासाठी करायचं! विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातलं 'वसाबी बाय मोरिमोतो'. हिरोशिमाचे मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाने २००४ मध्ये ते सुरू झालं. आता एक विसंगती बघा. ताजपासून हाकेच्या अंतरावर, त्याच कुलाब्यात, ससून डॉक आहे. १८७५ पासून तिथे मासळी उतरते. सुरमई, रावस, पापलेट, सगळं. तरी मुंबईतल्या उंची सुशीसाठी मासा बहुतेक वेळा परदेशातून विमानाने येतो. दारात समुद्र असताना असं का? कच्चा खायचा मासा पकडल्या क्षणापासून वेगळा सांभाळावा लागतो. त्याला चटकन मारायचं, रक्त काढायचं, लगेच बर्फात घालायचं आणि ती थंडीची साखळी ताटापर्यंत तुटू द्यायची नाही. काही मासे जंतांच्या भीतीने आधी खोल गोठवावे लागतात. उणे वीस अंशांवर सात दिवस, असा एक प्रचलित नियम आहे. आपली मासळी कालवणासाठी उतरते, उकळत्या रश्श्यात तिचे सगळे दोष जळून जातात. तेव्हा महाग सुशीत तुम्ही माशाचे कमी आणि या न तुटलेल्या साखळीचे जास्त पैसे देता. त्यात वाया जाणारा भागही धरा. कारागीर माशाचा नेमका तेवढाच भाग घेतो, बाकीचा बाजूला जातो.

भाताचंही तसंच. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट. तांदळाच्या पिष्टात अमायलोज नावाचा घटक जितका कमी, तितका भात चिकट. आपला कोलम मोकळा, त्याचा मुटका टिकणार नाही. आपल्याकडे नवा तांदूळ चिकट होतो म्हणून सुगरण नाक मुरडते, जुन्या तांदळाला जास्त पैसे देते. जपानी घरात नव्या तांदळाचं कौतुक असतं. एका घरचा दोष दुसऱ्या घरचा गुण. मग 'चांगला भात' म्हणजे नेमकं काय? इथून तत्त्वज्ञान सुरू होतं.

अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अभिरुचीच्या निकषावर १७५७ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात 'डॉन किहोते' मधली एक गोष्ट तो सांगतो. दोघांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, छान आहे, पण किंचित चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणतो, छान आहे, पण किंचित लोखंडाची चव येते. लोक दोघांची टर उडवतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी सापडते चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली! ह्यूमचं म्हणणं असं, की चव ही 'ज्याची त्याची' असली, तरी सराव झालेली जीभ जे ओळखते ते खरोखर तिथे असू शकतं. तेव्हा तिसऱ्या पायरीवरचा फरक ही निव्वळ थाप नाही. आम्ही स्वतः तो अनुभवला. तो भात तोंडात गेल्यावर दाणा दाणा सुटा होत होता आणि तरी हातात फुटला नव्हता. भात खाण्यात आमची सत्तरीच्या वरची वर्षं गेली, तरी असं काही ठाऊक नव्हतं.

म्हणजे पोरगा थापा मारत नाही. आता दुसरा भाग. खाणारे खुळे आहेत का?

५ जानेवारी २०१९ रोजी टोकियोच्या तोयोसू बाजारात नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना मासा ३३ कोटी ३६ लाख येनांना गेला. घेणारे होते एका सुशी साखळीचे मालक कियोशी किमुरा. त्या भावाने एकेका घासाची किंमत काढली तर कुणालाच परवडणार नाही. पण त्यांच्या दुकानात तो मासा नेहमीच्याच दराने वाढतात. मग एवढे पैसे कशाचे? बातमीचे. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो होता. आणि याच ट्यूनाचा चरबीचा भाग, ज्याला आज सर्वांत जास्त भाव आहे, तो एकेकाळी जपानी लोक टाकून देत. मांजरही ओलांडून जाईल, असं त्याला म्हणत. मासा तोच. बर्फ आला, जीभ बदलली, भाव बदलला.

किमतीतला हा जो भाग जिभेवर येत नाही, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांत दिसतो, त्यावर थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच बोट ठेवलं होतं. काही वस्तू महाग असूनही विकल्या जातात असं नाही, तर महाग आहेत म्हणूनच विकल्या जातात. आणि हे फक्त जपानात किंवा मुंबईत होतं असं समजू नका. आपल्या मुरबाड-शहापूरच्या रिसॉर्टांत जाऊन बघा. चुलीवरची भाकरी, ठेचा, सुकटीची चटणी, नाचणीचं आंबील. 'गावरान थाळी' म्हणून शहरातला माणूस त्याला जे पैसे देतो, ते ऐकून आमच्या आजीने पदर तोंडाला लावला असता. कष्टकऱ्याचं अन्न उंची होण्याचा तो एदोतला प्रवास आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच महामार्गाच्या कडेला चालू आहे.

आता ॲडम स्मिथकडे येऊ. १७७६ च्या ग्रंथात तो एक कोडं घालतो. पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी पाण्याला भाव नाही. हिऱ्यावाचून काही अडत नाही, तरी हिऱ्याला भाव प्रचंड. म्हणजे उपयोग आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी कोडं सोडवलं. भाव ठरतो तो एकूण उपयोगावर नव्हे, तर आणखी एक नग हाती आल्याने किती उपयोग होतो यावर. उत्तर बरोबर आहे. पण शहापुरात बसून हे कोडं वाचलं की ते पुस्तकातलं राहत नाही. तानसाचं धरण १८९२ चं. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. दोन्ही आपल्या तालुक्यात. मुंबईतल्या त्या काउंटरमागे सुशीचा तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतात. ते पाणी बरंचसं आपल्याकडून गेलेलं असतं. आणि एप्रिल-मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत असतात. त्या आठ-दहा हजारांच्या बिलात मासा आहे, विमान आहे, कारागीर आहे, लाकडी काउंटर आहे, कर आहे. पाण्याचा आकडा शोधला तर सापडणार नाही इतका लहान. किंमत खोटी नसते, मंडळी. पण ती सगळं सांगत नाही. जे दुर्मीळ आहे तेवढंच ती मोठ्याने बोलते. जे अत्यावश्यक आहे त्याबद्दल ती बहुधा गप्प बसते.

इथे आम्हाला तैत्तिरीय उपनिषदातला भृगू आठवतो. बाप त्याला सांगतो, ब्रह्म काय ते तूच शोध. तो तप करतो आणि येऊन सांगतो, अन्न हे ब्रह्म. बाप म्हणतो, अजून शोध. मग प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद, अशा पायऱ्या तो चढतो. आपणही आज तशाच चढलो, पोट भरण्यापासून निव्वळ आस्वादापर्यंत. बरेच लोक हे उपनिषद आनंदापाशी मिटवून ठेवतात. पण आनंदाची पायरी गाठल्यावर लगेच ते पुन्हा अन्नाकडे येतं. अन्नाला नावं ठेवू नका, ते टाकू नका, ते भरपूर पिकवा आणि दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नका, असं सांगतं. सर्वांत वरच्या पायरीवर पोचलेल्या माणसासाठी ही सूचना आहे. वर गेलास, ठीक, पण पहिली पायरी विसरू नकोस.

काही जणांनी चिठ्ठीवर व्यवहाराचे प्रश्न पाठवलेत, त्यांनाही उत्तर देतो. मुलं-नातवंडं घेऊन गेली तर घाबरू नका. काड्या जमत नसतील तर निगिरी सरळ हाताने खा, जपानातही तो शिष्टाचारच आहे. सोया सॉस भाताला नव्हे, माशाच्या बाजूला लावा, नाहीतर भात फुटतो. आल्याचे गुलाबी काप दोन घासांच्या मध्ये जीभ साफ करण्यासाठी असतात. शाकाहारी मंडळींनी काकडीची माकी मागावी, पण मिसो सूपमध्ये बहुधा माशाचा अर्क असतो, तेव्हा विचारून घ्यावं. आणि किंमत विचारायला लाजू नका. पहिल्यांदा फूड कोर्ट नको आणि काउंटरही नको, मधल्या पायरीवर जा. भात ताजा मिळेल आणि बिलाचा धसका बसणार नाही.

शेवटी किन्हवलीच्या त्या गृहस्थांकडे येऊ. ते आज इथे आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. दादा, तुमचा पोरगा खोटं बोलत नाही. खाणारे सगळे खुळे नाहीत. काही जण खरोखर चव विकत घेतात, काही जण फोटो विकत घेतात आणि बऱ्याच जणांना आपण यातलं काय घेतोय हे नीट ठाऊक नसतं. १९४७ सालचा तो टोकियोचा माणूस आठवा, जो आपला तांदूळ घेऊन दुकानात जायचा आणि फक्त कसबाची मजुरी द्यायचा. त्याला तांदूळ कुणाचा आणि कसब कुणाचं हे स्पष्ट दिसत होतं. आजच्या बिलावर ते दिसत नाही. बिल आठ-दहा हजारांचं असेल. त्यातलं तुमच्या पोराच्या हाताला किती आणि पिकवणाऱ्याच्या हाताला किती, हा प्रश्न त्या रकमेपेक्षा मोठा आहे. तो आम्ही इथे सोडवू शकत नाही. पण बिल देणाऱ्याने निदान स्वतःला एकदा विचारावा, एवढी अपेक्षा करायला हरकत नाही.

आणि दादा, एक काम करा. पोरगा सुटीवर आला की त्याला विचारा, भात बरोबर झाला हे तू कशावरून ओळखतोस? तो बोटांनी सांगेल, वासावरून सांगेल. तुम्ही लोंबी हातात घेऊन भात पिकला की नाही हे ओळखता, तसंच. तुमच्या घरातलं भाताचं ज्ञान शेतातून काउंटरपर्यंत गेलंय, तुटलेलं नाही. त्या दिवशी त्याला घरी करायला सांगा. चिकट तांदूळ नसेल तर आपला नवा तांदूळ घ्या, थोडा मऊ शिजवा. मासा मात्र कच्चा नको, वर भाजलेला सुका बोंबील ठेवा. जपानी माणूस त्याला सुशी म्हणेल की नाही ते माहीत नाही. आम्हाला बोलवा, आम्ही येऊन खाऊन सांगू.

आज इथेच थांबू. ज्यांच्या चिठ्ठ्या राहिल्या त्यांनी त्या पुढे पाठवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू. नमस्कार.